महाराजांचा नंबर मला पेपरातच मिळाला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. मोबाईलवर अंगठ्याने टाईप करतोय, तेही चष्मा लावून, त्यामुळे स्वल्पविराम पूर्णविराम जिथं पडायला पाहिजेत तिथंच पडतील असं काही नाही. मी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो, सातारा जिल्ह्यातला आहे, गळ्यात माळ आजोबांपासून आहे आणि मी स्वतः २२ वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चाललोय. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणणार की हा देवाधर्माचा वैरी दिसतोय. तसं नाही. एकादशी आजही करतो.

जून महिना आला की पेपरात समलिंगी लोकांच्या त्या रंगीत झेंड्यांच्या मोर्चाचे फोटो येतात आणि खाली एखादा लेख येतो, की बघा आपल्या संस्कृतीत हे पहिल्यापासून होतंच, अर्धनारीनटेश्वर बघा, शिखंडी बघा, मोहिनी बघा. यंदाही वाचला. खोटं काही नाही त्यात. नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे, विष्णूचं मोहिनी रूप, आम्ही हात जोडून आलोय. गोव्यात म्हार्दोळला म्हाळसा नारायणी, ती पण मोहिनीच. आणि आमचा विठोबा, त्याला तर आम्ही सकाळी उठल्यापासून आई म्हणतो, विठाई म्हणतो, माऊली म्हणतो, त्यात कधी कोणाला काही वावगं वाटलं नाही. पण साहेब, देवळात बाईच्या रूपातल्या देवाला हात जोडणारा माणूस घरी येऊन स्वतःच्या पोराला काय म्हणतो ते मला विचारा, कारण तो माणूस मी आहे.

पोरगं तेव्हा १९ वर्षांचं, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. पखवाज वाजवायचा, सहावीपासून. गावातल्या सप्त्यात, दिंडीत, आजूबाजूच्या चार गावांत लोक बोलवून न्यायचे. एक दिवस त्याने आईला सांगितलं की मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही, मुलांबद्दल वाटतं, आणि हे आत्ताचं नाही नववी दहावीपासूनचं आहे. आईने रात्री मला सांगितलं. मी दोन दिवस कोणाशीच बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर त्याने वाजवणं सोडलं, पण मला ते कळलं कसं ते सांगतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला, वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढायची असते. आमचं पोरगं याबाबतीत एकदम कडक, सुरी वेगळी, फडकं वेगळं, आईने जरा घट्ट कणीक दिली तरी परत करायचा. एक दिवस खोळ वर करून बघितलं तर धुमेवर कणीक तशीच, वाळून भेगा पडलेली, कडा सुटलेल्या, मुंग्या लागलेल्या. महिनाभराची तरी असेल. तेव्हा पोटात खड्डा पडला, पण अक्कल आली नाही. मला वाटलं हे बघा, बाधाच आहे, देवाचं वाद्य पण सुटलं.

मग मी पेपर उघडला. भाड्याने देणे आहे आणि नोकरीविषयक यांच्या मध्ये तो चौकोन असतो बघा, गृहक्लेश, करणी, संतानप्राप्ती, मुलगा मुलगी ऐकत नाही, शत्रूपीडा, फोनवर सुद्धा काम होईल, १०० टक्के खात्री. तुमचाच पेपर होता असं म्हणत नाही, आमच्याकडे तेव्हा दोन पेपर यायचे. पण नंबर मला पेपरातच मिळाला. आणि पेपरात छापलंय म्हणजे कोणीतरी बघूनच छापलं असणार, असं आमच्यासारख्याला वाटतं. तुम्ही खाली बारीक अक्षरात लिहिता की जाहिरातीतल्या मजकुराशी आम्ही सहमत असूच असं नाही, ते वाचायला माझा चष्मा पुरत नाही.

त्या नंबरवरचे महाराज म्हणाले एका बाईचं लागीर आहे म्हणून पोराला पुरुषाची ओढ, पाच अमावस्या करायच्या. ही गोष्ट २०१८ ची. पहिली अमावस्या झाली, लिंबू नारळ अंगारा एवढ्यावर भागलं. दुसरी होती पिठोरी अमावस्या, ९ सप्टेंबर, रविवार, आणि तारीख पाठ असायचं कारण असं की त्याच आठवड्यात गुरुवारी, ६ तारखेला, सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला, की दोन सज्ञान माणसांमधलं असलं नातं हा गुन्हा नाही. टीव्हीवर लोक नाचत होते, रडत होते. पोरगं शेजारच्या खोलीच्या दारात उभं राहून बघत होतं. मी चॅनेल बदलला. आणि रविवारी त्याला घेऊन गेलो, तिथं मिरच्यांची धुरी दिली, आणि त्याने तोंड फिरवू नये म्हणून त्याचे खांदे धरायला महाराजांनी मला सांगितलं आणि मी धरले.

याच्यावर कायदा आहे साहेब. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणा विरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या मागे एक यादी जोडलेली आहे, त्यात पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं. अक्षरशः धुरी शब्द आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. आणि नुसतं करणाराच नाही, त्याचा प्रचार करणारा, जाहिरात करणारा पण त्यात येतो. साताऱ्याच्या माणसाने जीव घालवून आणलेला कायदा, आणि पाच वर्षांनी साताऱ्याचाच मी पोराचे खांदे धरून उभा.

तिसऱ्या अमावस्येनंतर काही फरक दिसेना तेव्हा महाराज म्हणाले, मुलाची श्रद्धा कमी पडतीय. हे वाक्य नीट वाचा, कारण सगळी मेख इथं आहे. गोळीने गुण आला नाही तर आपण डॉक्टर बदलतो, खत लागू पडलं नाही तर दुकानदाराशी भांडतो. पण इथं उपायाची चूक कधीच नसते, चूक त्या पोराची. आणि पोराने ते आधीच स्वतःला लावून घेतलेलं होतं, आम्हाला कळायच्या कितीतरी आधीपासून. नंतर त्याने सांगितलं की दहावीपासून तो रोज ११ माळा जप करायचा, एकादशीला पाणी पण घ्यायचा नाही, आम्ही कौतुक करायचो की केवढं हे वेड लागलंय नामाचं. तो मागत काय होता तर मला बदल. चार वर्षं. आणि बदल होईना म्हणल्यावर १७-१८ वर्षांच्या पोराने काय हिशोब लावला असेल, की देव सगळ्यांचं ऐकतो, माझंच ऐकत नाही, म्हणजे मीच ऐकण्याच्या लायकीचा नाही. माणसांपासून लपता येतं हो. आईबापापासून पण लपता येतं. देवापासून कुठं लपणार, तो तर आत बसलेला.

मग डॉक्टर पण केले, नाही असं नाही. मोठ्या गावात, पाटीवर भली मोठी डिग्री. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पोराला सारखी झोप, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले दोन वर्षांत लग्न उरकून टाका, सगळं जागेवर येतं. नशीब एवढंच की तेवढं केलं नाही, नाहीतर एका पोरीचं पण आयुष्य बसलं असतं आमच्या पापात. आता कळतंय की जागतिक आरोग्य संघटनेने हे आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढलंय, मी नोकरीला लागलो त्याच्या आसपास. आपल्याकडच्या मानसोपचार तज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. आणि २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा, जो २०१८ च्या मे पासून लागू आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की एखादा माणूस त्याच्या समाजातल्या नीतीच्या किंवा धार्मिक समजुतींप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे आम्ही त्या दवाखान्याची पायरी चढलो तेव्हा कायदा लागू होऊन काही महिने झाले होते. डॉक्टरांना माहीत नव्हता की माहीत असून उपयोग नव्हता ते त्यांनाच ठाऊक.

त्या हिवाळ्यात एक रात्र अशी आली की तिच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. पोरगं आहे, सुखरूप आहे, एवढं बास.

त्यानंतर पुण्यातल्या एका समुपदेशक ताईंकडे गेलो, पोराच्या मित्राने गाठ घालून दिली. मला वाटलं पोराला आत घेतील, त्यांनी आधी मला आणि मंडळींना बसवलं. त्यांनी एक कागद दाखवला, तो मी घडी घालून अजून पाकिटात ठेवलाय. अमेरिकेत कॅलिफोर्नियात एक संशोधन झालं, २०१८ ला छापून आलं, आमच्या पोरासारख्याच २१ ते २५ वयाच्या २४५ मुलामुलींना विचारलं. ज्यांना बदलायचा प्रयत्न कोणीच केला नव्हता त्यांच्यातल्या १०० पैकी २२ जणांनी कधी ना कधी जीव द्यायचा प्रयत्न केलेला. ज्यांच्या आईबापाने घरच्या घरी बदलायचा प्रयत्न केला त्यांच्यात ४८. आणि जिथं आईबाप तर होतेच वर डॉक्टर किंवा धर्मगुरू पण लागले, त्यांच्यात ६३. मी आयुष्यभर तिकिटाचा हिशोब केलाय, आकडे मला कळतात. २२ चे ६३ आम्ही केले. आम्ही तिन्ही केलं होतं ना, घर, महाराज, डॉक्टर. देश वेगळा, मुलं वेगळी, आपल्याकडं आकडा हाच निघेल असं नाही, पण दिशा कोणती आहे ते शाळेतलं पोर पण सांगेल.

आणि एक त्यांनी सांगितलं ते मला जास्त लागलं. की भक्ती, देवाधर्माची ओढ, यामुळे तरुण पोरं एकंदरीत तगून राहतात, जीव द्यायचे विचार कमी येतात. पण तिकडच्याच कॉलेजच्या २१ हजारांवर मुलांच्या माहितीवरून असं दिसलं की आमच्या पोरासारख्या मुलांच्या बाबतीत ते उलटं पडतं, धर्म ज्याला जास्त महत्त्वाचा त्याच्या मनात तसले विचार जास्त. म्हणजे जो खांब बाकीच्यांचं छप्पर धरतो तोच यांच्या अंगावर पडतो. खांबात दोष आहे का? मला नाही वाटत. मला वाटतं आम्ही तो त्यांच्या बाजूने हलवून हलवून सैल केलाय.

आता हलवला म्हणजे कसा, तर एक प्रसंग सांगतो, हा आधीचा आहे, आम्हाला काही माहीत नव्हतं तेव्हाचा. गावचा सप्ताह, रात्री ९ ते ११ चं कीर्तन, मांडव भरलेला. कीर्तनकार महाराज नावाजलेले, मोबाईलवर लाखाने बघतात लोक. तासाभराने लोक पेंगायला लागले की विनोद टाकायचा ही आता पद्धतच झालीय. महाराजांनी आजकालची पोरं कशी चालतात म्हणून कमरेवर हात ठेवून चालून दाखवलं, मान वेळावून, आणि एक शब्द वापरला, तो तुम्हाला माहीत आहे. मांडव फुटायचा बाकी राहिला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. टाळकरी हसले. मी पण हसलो, चांगला पोट धरून हसलो. आणि महाराजांच्या मागे चार फुटांवर आमचं पोरगं कमरेला पखवाज बांधून उभं होतं, त्याने ठेका सोडला नाही. पुढं तीन वर्षांनी मला म्हणाला, अप्पा, त्या सप्त्यात सातपैकी चार कीर्तनांत तो विनोद झाला. मी मोजत होतो. आणि तुम्ही चारही वेळा हसलात.

काय बोलणार.

त्या ताईंनी समजावलं की या पोरांना सारखा पहारा करावा लागतो स्वतःवर, हात कसा हलतोय, आवाज कसा येतोय, मोबाईल कोणाच्या हातात गेला, चालताना कोण बघतंय, आणि हा पहारा वर्षानुवर्षं केला की झोप जाते, भूक जाते, अभ्यास जातो, आणि लोक म्हणतात बघा हे असलं असलं की माणूस असा खचतो. असं असल्यामुळे नाही खचत, पहाऱ्यामुळे खचतं. कंडक्टरला हे लगेच कळतं, गर्दीच्या गाडीत कॅशबॅग सांभाळत आठ तास उभं राहून बघा, नुसत्या सांभाळण्याने माणूस मोडतो.

बरं हे फक्त आमच्यातच आहे असं पण नाही. माझ्याबरोबर नऊ वर्षं ड्युटी केलेला ड्रायव्हर मुसलमान, भला माणूस, त्याच्या भाच्याचं असंच निघालं तर त्याला दर्ग्यावर नेऊन धागे बांधले, पाणी पाजलं. धर्म वेगळा, रस्ता तोच. तसे आपल्या देशात सगळे धर्म एका बाजूला कधी उभे राहत नाहीत, पण २००९ साली दिल्ली हायकोर्टाने ३७७ ची धार बोथट केली तेव्हा त्याच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळ्यांच्या संस्था गेल्या, आणि एक ज्योतिषी पण गेले, आणि २०१३ ला जिंकले पण. एवढी एकी पाणी वाटपाला दाखवली असती तर दुष्काळी तालुके राहिले नसते.

आणि वरची माणसं अगदीच काही बोलली नाहीत असंही नाही. २०१३ च्या त्याच निकालानंतर मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस म्हणाले की या लोकांना चर्चने कधी गुन्हेगार मानलं नाही. सरसंघचालक मोहन भागवत २०२३ च्या जानेवारीत मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन बोलले की असे लोक पहिल्यापासून आहेत आणि त्यांना पण जगायचा हक्क आहे. वर पाणी सुटतं पण ते आमच्या चारीपर्यंत येतच नाही, मध्येच कुठंतरी फुटतं. गावातल्या मठात अजून लिंबूच कापतात.

कोल्हापूरला असताना मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेसाठी जादा गाड्या सुटायच्या, मी दोन वर्षं त्या गाड्यांवर होतो. गाडीत जोगते असायचे, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, लुगडं नेसलेले, कपाळभर भंडारा, गळ्यात लाल पांढऱ्या मण्यांची माळ, तिला दर्शन म्हणतात, एकाच्या हातात चौंडकं हे वाद्य, एकाच्या मांडीवर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली. त्या जगाचं लगेज तिकीट फाडायचं का नाही यावर डेपोत रोज वाद, मी कधी फाडलं नाही. तेव्हा मी मनात म्हणायचो, बघा आपल्या धर्मात यांना जागा आहे. आता विचार केला की वाटतं जागा आहे, पण एकच आहे. पोराच्या चालण्यात बोलण्यात बाईपणा दिसला, केसात जट निघाली, की देवीने मागितलं म्हणून मोती बांधायचे, म्हणजे देवीला वाहून टाकायचं, आणि मग त्याने आयुष्यभर जोगवा मागायचा. त्याला बीकॉम करायचं असेल, बँकेत लागायचं असेल, गावातच राहून शेती करायची असेल तर ती जागा नाही. लोक पाया पडतात त्याच्या, पण पंगतीला शेजारी बसवत नाहीत. पाया पडणं लई सोपं असतं.

आता मला जे सगळ्यात जास्त पटलं ते सांगतो. मद्रास हायकोर्टात २०२१ ला दोन मुलींची केस आली, एकमेकींबरोबर राहत होत्या, आईबाप आणि पोलीस मागे लागलेले. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी काय करावं, निकालाच्या आधी त्यांनी चक्क सांगितलं की मला या विषयातलं नीट कळत नाही, माझ्या पण मनात पूर्वग्रह आहेत, आणि स्वतः मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन बसले, शिकून आले, आणि मग ७ जूनला आदेश दिला, त्यात असल्या बदलून टाकणाऱ्या उपचारांना बंदी घाला म्हणून सांगितलं. त्याच केसमधून पुढं २०२२ ला मेडिकल कमिशनने राज्यांच्या कौन्सिलांना कळवलं की असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जाईल. हायकोर्टाचा जज म्हणू शकतो मला माहीत नाही. आमच्या महाराजांना ते तीन शब्द जमले नाहीत, डॉक्टरांना जमले नाहीत, आणि बाप म्हणून मला तर नाहीच नाही. धर्मातल्या माणसाला ते जमत नाही असंही नाही बरं का. मुंबईचे अशोक राव कवी, ज्यांनी १९९० ला समलिंगी लोकांसाठी बॉम्बे दोस्त हे नियतकालिक काढलं आणि पुढं हमसफर ट्रस्ट ही त्यांच्यासाठीची संस्था सुरू केली, ते तरुणपणी याच घालमेलीत रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासी व्हायला गेले होते. तिथल्याच एका ज्येष्ठ स्वामींनी त्यांना परत पाठवलं की तू जसा आहेस तसा जाऊन जग. एका संन्याशाने एवढं केलं आणि एक माणूस उभा राहिला, त्याच्या मागे हजारो पोरं उभी राहिली.

आणि जिथं हे झालं नाही तिथलं पण आहे. २०२० च्या मे महिन्यात केरळची एक २१ वर्षांची विद्यार्थिनी गोव्यात गेली, म्हणजे देवाघरी गेली. त्याआधी दोन महिने तिने व्हिडिओत सांगितलं होतं की घरच्यांनी जबरदस्तीने उपचार केंद्रात ठेवलं, औषधांनी गुंगीत ठेवलं, आणि सगळ्यात वाईट हे की माझ्याच माणसांनी केलं. मी तो व्हिडिओ पोराबरोबर बसून बघितला, भाषा कळत नव्हती, तो सांगत होता. मध्येच तो गप्प झाला आणि मी पण विचारलं नाही पुढं काय म्हणतीय.

गेल्या वर्षी मी आमच्या दिंडीच्या महाराजांना गाठलं, लोणंदच्या मुक्कामात, राहुटीत. त्यांना सगळं सांगितलं नाही, पण विनोदाचं विचारलं. ते म्हणाले माऊली, लोक झोपतात म्हणून टाकतो, त्यात मनात काही नसतं. मी म्हणलं तुमच्या मनात नसतं हो, पण मांडवात ३०० पोरं असली तर त्यातल्या पाचसात जणांच्या मनात ते घर करून बसतं, आणि ती उठून जाऊ पण शकत नाहीत कारण उठलं की लोक बघणार. ते बराच वेळ पायाला तेल चोळत बसले. यंदाच्या दोन कीर्तनांत तरी त्यांनी तो विनोद टाकला नाही, जाणूनबुजून का सहज ते विचारलं नाही मी. दुसऱ्या एका फडावरच्या महाराजांना बोललो तर ते माझ्यावरच घसरले, कलियुग आलं म्हणाले, तुमच्यासारख्या माळकऱ्यानेच असं बोलायचं म्हणजे संपलं. जमलं तिथं जमलं.

माझं पण सगळं पटून झालंय असं समजू नका. पोरगं पुण्यात अकाउंट्सला आहे, बरं चाललंय. त्याचा एक मित्र आहे, दिवाळीत घरी येतो, चांगला पोरगा आहे, मंडळींचं आणि त्याचं छान जमतं, दोघं मिळून चकल्या पाडतात. मला काय बोलावं कळत नाही, मग मी एसटीच्या गप्पा मारतो, घाटात ब्रेक कसा निकामी झाला वगैरे, ऐकतो बिचारा, एकच गोष्ट तीनदा सांगितली तरी ऐकतो. वारीला मात्र पोरगं अजून येत नाही. मी म्हणलं एक दिवस ये, चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघून जा, तर म्हणाला अप्पा, देव माझा पण होता की, तुम्ही सगळ्यांनी मिळून तो माझ्याकडून काढून घेतला, आता एका दिवसाला कुठं बोलवताय. पखवाज घरीच आहे. एकदा मी कणीक लावून बघितली, मला वाजवता येत नाही, नुसता एक हात मारला तर मंडळी आतून पळत बाहेर आल्या, त्यांना वाटलं पोरगं आलं.

तर साहेब, मुद्द्याचं. तुम्ही जूनमध्ये लेख छापता ते छापा. पण माझ्यासारखा बाप लेख वाचत नाही, तो जाहिरातींचं पान वाचतो, रात्री, सगळे झोपल्यावर. त्या पानावरचा तो चौकोन बंद करा. कायद्यात बसत नाही हे तुमच्या वकिलाला पण माहीत असणार. आणि चौकोन रिकामा ठेवणं परवडत नसेल तर त्यात १४४१६ हा नंबर टाका, टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री दोन वाजता पण उचलतात, मी लावून बघितलाय. आमच्या वेळी ती नव्हती. मुलगा ऐकत नाही, एवढं वर लिहिलं तरी चालेल, त्याशिवाय आमच्यासारख्याची नजर तिथं जायची नाही.

नाव आणि गाव छापू नका, पोराने या पत्राला हो म्हणलंय पण नावाला नाही. पत्र लांबलंय हे मला पण दिसतंय, हवी तेवढी काटछाट करा, यल्लम्माचं काढलं तरी चालेल, अमेरिकेचं थोडं कमी केलं तरी चालेल. जाहिरातीचं तेवढं कापू नका.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
जि. सातारा